सावत्र खटका

"ताई, थांबा! पाय काढा आधी!" मेकॅनिक ओरडला.

लेकीने मोटारसायकलच्या किकवरचा पाय उचलला. शेजारी खुर्चीत बसलेल्या बाबांनी डाव्या हाताने पुढे सारलेला हँडलवरचा खटका मेकॅनिकने मागे ओढला.

"काकांनी उलटं केलंय. असल्या जुन्या विलायती गाड्यांना खटका मागे ओढूनच किक मारतात. ठिणगी उशिरा पडायला हवी. लवकर पडली की किक उलटी येते. माझ्या उस्तादाचा घोटा असाच गेला."

"हल्ली सगळं उलटंच करतात ते," आई दारातून म्हणाली. "सकाळी सदरा उलटा. चहाला साबण म्हणतात. तू याचं ऐक बाई."

बाबांनी खटका पुन्हा पुढे सारला.

उभी हयात कारखान्यात टर्नर म्हणून काढलेल्या या माणसाने भंगारबाजार पालथे घालून एकेक भाग घरी आणला होता, न्हाणीघरात घासला होता, आईची बोलणी खाल्ली होती. गाडी जुळत आली आणि अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू नेली, निम्मे शब्दही नेले. किकसाठी आता लेकीचा पाय उसना घ्यावा लागत होता.

"मॅग्नेटो उघडून ठिणगी कधी पडते त्याची खात्री करू या," मेकॅनिक म्हणाला.

बाबांनी टाकीवर थाप मारली. नाही! मॅग्नेटो त्यांनी आजाराआधी दोन्ही हातांनी बसवला होता. तो तपासून घ्यायचा म्हणजे आपली अक्कल गेली हे चारचौघांत कबूल करायचं.

"सा... सा..."

"झालं! चहा हवाय," म्हणत आई आत वळली. मेकॅनिक हसला. लेकीला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा, कारण तिलाही तेच वाटलं होतं.

"सा... सा..." बाबा खटक्यावर बोट आपटत होते. कपाळ घामाने डबडबलं होतं. चहासाठी कोण एवढा जीव काढेल?

"सावत्र?" तिने विचारलं.

बाबांचं बोट थांबलं.

घरातला जुना विनोद होता तो. दुसऱ्या गाडीचा भाग हिला बसवला की बाबा त्याला सावत्र म्हणायचे. आरसा सावत्र, दिवा सावत्र. सीट आईच्या माहेरच्या सोफ्याची, म्हणून ती सावत्र सासू.

"खटका एका गाडीचा, मॅग्नेटो दुसरीचा," ती मेकॅनिकला म्हणाली. "म्हणून खटका उलटा चालतो. बाबा नाही."

"आणि चुकलात तर?"

"तर घोटा माझा."

तिने मेकॅनिकचा हात बाजूला केला. बाबांनी खटका पुढे सारला. तिने पाय किकवर ठेवला. बाबांकडे पाहिलं असतं तर धीर सुटला असता, म्हणून पाहिलं नाही. सगळा भार टाकून तिने किक मारली.

पाय सरळ खाली गेला. इंजिन खोकलं, अडखळलं आणि धडधडू लागलं.

आई पातेलं हातात घेऊनच धावत आली. बाबा ताठ बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. लेकीने तो उचलून टाकीवर ठेवला. टाकीबरोबर तोही थरथरू लागला.

"साबण," बाबा म्हणाले.

"आणते हो साबण," आई म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.