सैल हाताची बाजू

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या बासेयच्या बाजारातला नियम. भवानी चुकली की अख्खा दिवस गेला. म्हणून तो म्हातारा दुकानात शिरला तशी मी हातातली कॉफी टाकून उठले, आणि अर्ध्या तासात मला त्याचा गळा दाबावासा वाटू लागला.

अकरा चटया उलगडल्या मी. फुलांची, चौकटीची, नुसती पांढरी. तो रंगाकडे बघायचाच नाही. खाली बसायचा, डोळे मिटायचा, तळवा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचा आणि मान हलवायचा.

"मनोय, चटई घ्यायचीय की तिची नाडी बघायचीय?" मी विचारलं. आमच्याकडे थोरल्या भावाला मनोय म्हणतात, थोरल्या बहिणीला माना; परक्यांनाही तेच.

"रागावू नका, माना. चटया चांगल्या आहेत. फारच चांगल्या आहेत, तीच अडचण आहे."

शेजारच्या दुकानातली ग्लिसेरिया खिदळली. "तेओफिला, चांगली विणली म्हणून नापास झालीस गं."

माझा हात घट्ट, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या चटईवर माडी सांडली तर खालच्या फरशीला पत्ता लागत नाही असं लोक म्हणतात. ते म्हणणं मीच सुरू केलेलं, पण खोटं नाही. त्यामुळे मला राग आला. पण भवानीचं गिऱ्हाईक. मी त्याला स्टूल दिलं, केळीच्या पानातला भाताचा सुमान दिला आणि विचारलं, "नक्की हवं काय तुम्हाला?"

तो सेबू बेटावरून जहाजानं आला होता. नाव अन्सेल्मो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची नजर गेली. तेव्हापासून ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून असते, असं त्यानं सांगितलं. गादीवर झोप लागत नाही. बोलत नाही, मागत नाही.

"गेल्या महिन्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं," तो म्हणाला. "बासेयची चटई. म्हटलं, मागवून घेतो. तर म्हणे, मागवायची नाही, तू जा. डोळे मिट आणि हात फिरव. अर्धी घट्ट हवी, अर्धी सैल, आणि मधे दोन हात भेटतात तिथं जराशी फुगलेली. ती मिळेल तिथूनच आण. मी तीन दिवस फिरतोय, माना. रिकाम्या हातानं परत गेलो तर ती पुन्हा काही मागायची नाही."

"तसली चटई कोण विकेल?" ग्लिसेरिया म्हणाली. "तशी झालीच तर आम्ही मासे वाळत घालतो तिच्यावर."

मी हसले नाही. तशी चटई मला एकच माहीत होती, आणि ती मीच उकलली होती.

"बायकोचं नाव काय?" मी विचारलं खरं, पण उत्तर मला माहीत होतं.

"प्लासिदा."

प्लासिदा माझ्या मावशीची मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. उन्हात आमचं टिकोग गवत कडक होतं, वाकवलं की तुटतं, म्हणून आम्ही दोघी गुहेतल्या गारव्यात बसून विणायचो. मोठी चटई असली की एका बाजूनं मी, एका बाजूनं ती. माझा हात घट्ट, तिचा सैल. बोलत बोलत विणायची ना, बोलणं वाढलं की वीण सुटायची. तिच्या लग्नाची चटई आम्ही तशीच विणली. पुरी झाली त्या दिवशी गुहेतच तिच्यावर आडव्या पडलो. मधला फुगवटा पाठीला लागत होता. "हा तुझा नवरा," मी म्हटलं, आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

मग मला धास्ती बसली. सेबूची माणसं येणार, चटई बघणार, हसणार. लग्नाला आठ दिवस असताना, तिला न विचारता, तिची बाजू मी उकलली आणि माझ्या हातानं पुन्हा विणली. तिला भेट म्हणून. मला खरंच वाटलं होतं की ती खूश होईल.

लग्नाच्या सकाळी तिनं चटईवरून हात फिरवला. दोनदा फिरवला. म्हणाली, "माना, यात मी कुठंय?" आणि चटई तिथंच ठेवून गेली. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली; लग्नात ओझरता पाहिलेला नवरदेव या म्हाताऱ्यात मला ओळखूही आला नव्हता. एक पत्र मी टाकायला हवं होतं, ते टाकलं नाही. आधी ताठ्यानं, मग लाजेनं.

हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं.

अन्सेल्मोनं सुमानचं पान खाली ठेवलं. "लग्नातली चटई? ती म्हणाली होती, घाईत राहून गेली."

चाळीस वर्षं नवऱ्यालाही माझी चुगली केली नाही तिनं. मला तिथंच रडू आलं, आणि रडताना कुणी बघितलेलं मला आवडत नाही, म्हणून मी उठून आतल्या खोलीत गेले.

पेटीत ती लग्नाची चटई होती. ती देऊन उपयोग नव्हता, ती सगळी माझीच होती. पण कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली या आठवड्याची चटई होती. बरोबर अर्धी झालेली, पुढचं गवत मोकळं. ती मी गुंडाळली, रंगवलेल्या गवताची एक जुडी ओल्या फडक्यात बांधली आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ही अर्धीच आहे," तो म्हणाला.

"माझी बाजू झाली. उरलेली तिची."

"माना, तिला दिसत नाही."

"गुहेत आम्हाला तरी कुठं नीट दिसायचं? बोटांनीच विणायचो. तिला सांगा, गवत ओलं ठेव, आणि हात सैलच ठेव. आणि सांगा की मी चुकले."

भवानी फुकट करता येत नाही, म्हणून त्याच्याकडून एक नोट घेतली आणि बरकतीसाठी ती दुकानातल्या सगळ्या चटयांवरून फिरवली. त्या दिवशी त्यानंतर एकही गिऱ्हाईक आलं नाही. मला चाललं.

चार महिने काही कळलं नाही. ती जुडी माळ्यावर वाळून गेली असेल, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

मग एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. अन्सेल्मोच्या दंडाला धरून एक बारकी, पांढऱ्या केसांची बाई उतरली. त्याच्या काखेत चटईची गुंडाळी होती. त्यानं ती फरशीवर पसरली. अर्धी घट्ट, अर्धी इतकी सैल, की मी असते तर उकलली असती. मधे फुगवटा.

"प्लासिदा," मी म्हटलं.

ती वाकली, हातानं फुगवटा चाचपला आणि घट्ट बाजूवर, मी विणलेल्या अर्ध्यावर, बसली. मग शेजारची सैल वीण थोपटली.

"माना, उभी काय राहिलीस? आडवी हो. माझ्या बाजूवर झोपून बघ, आणि एक अक्षर बोलू नकोस."

पहिलं गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी त्याला नंतर यायला सांगितलं.