तापलेल्या डब्या

बेपत्ता बोटीचा शोध तुम्ही बंद केलात, साहेब, आणि रडणाऱ्यांना गप्प बसवायला तुमचं सभागृह एका बाबाला दिलंत. तिथे काय चालायचं, ते ऐका.

भिंतीकडेने खलाशांचे आईबाप, बायका बसलेल्या. प्रत्येकाच्या मुठीत काडेपेटीएवढी सोनेरी डबी. तिची एक तार खिडकीबाहेरच्या अँटेनाला, दुसरी बाबाच्या झाकलेल्या पेटीत.

"आकाशातले दूत तुमच्या माणसाचा श्वास डबीत सोडतात!" बाबा गरजला. "डबी गरम, तर माणूस जिवंत!"

"आणि गार लागली तर?" भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीच्या मुलीने विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. आईला घरी न्यायला आली होती.

"अजून एकही लागली नाही, ताई!"

"कमाल आहे. वर सगळ्यांना एकच ताप?"

म्हातारी हलेना. घरी नेली की डबी गार पडायची, म्हणून ती घरी जाईनाशीच झाली होती. घरात बोटीवर गेलेल्या धाकट्या मुलाची रिकामी खाट. इथे निदान मुठीत ऊब होती.

मुलीने डबीचा रंग नखाने खरवडला. खाली अँटेनाचं चित्र, बाण, व्होल्टचा आकडा.

"आई, अशा डब्या भंगारात ढिगाने मिळतात. अँटेना दूर असली की उपग्रहाचा सिग्नल तारेत क्षीण होतो. ही तो वाढवते. तिला वीज तारेतूनच मिळते. वीज आली की तापते."

"पण डबीला धाकट्याचं ऐकू येतं ना गं?"

"नाही. फक्त उपग्रहांचं. खिडकीकडची तार काढून बघ."

म्हातारीने काढली. डबी गरमच.

"दूत गेले, तरी श्वास चालूच!" मुलगी म्हणाली. "आता पेटीकडची काढ."

"मी? माझ्या हाताने?" म्हातारीने तारेचा पेच बोटांत धरला. "आणि तो गेला तर?"

बाबा ओरडला, "पाप लागेल!" त्या ओरडण्यातली भीती म्हातारीने ओळखली. तिने पेच फिरवला. डबी तिच्या तळव्यात हळूहळू गार झाली. तिने तार पुन्हा जोडली. डबी तापू लागली.

"मेलेला माणूस पेच आवळून उठत नाही," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि जिता माणूस पेच काढून मरत नाही."

उठून तिने पेटीवरचं कापड ओढलं. आत वीजपुरवठ्याचं साधं यंत्र, त्याची वायर तुमच्या सभागृहाच्या भिंतीत.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तार कुठे जाते ते बघा.

आणि साहेब, ऊब गेली, मूठ रिकामी झाली. धाकटा आहे की नाही, हे त्या आईला अजून कुणी सांगितलेलं नाही. बोटीचा शोध तुम्ही कुणाच्या हुकमाने थांबवलात? उत्तर द्या.