चुन्याखालची टाकी

पेंटरने पाच वर्षांत एकच चित्र पन्नासेक वेळा काढलं होतं, आणि आता तेच त्याच्या अंगाशी आलं होतं.

औषधांच्या गोदामावर दरोडा पडला त्या सकाळी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर उभा राहून एका दुकानाची पाटी रंगवत होता. समोरच्या गच्चीवर माणसं दोराने पाण्याची टाकी वर घेत होती. गोदामाच्या रखवालदाराने रंगाचे डाग पडलेला शर्ट ओळखला आणि शर्टाबरोबर पेंटरही आत गेला. पाटीचं काम तीन दिवस चाललं होतं, त्यामुळे दुकानदाराला नेमका दिवस सांगता आला नाही. टाकीबद्दल कोणी विचारलंच नाही.

विचारलं ते नव्या वकीलबाईंनी. त्यांनी टाकी चढवणारा प्लंबर शोधून काढला. त्याच्या कामाच्या वहीत तारीख होती, दरोड्याचीच. गच्चीवर काय काय होतं याचा त्याचा जबाब मागच्या महिन्यात बंद पाकिटात न्यायालयाकडे गेला. पेंटरचं वर्णन त्याच्याशी जुळलं तर खटला पुन्हा उघडणार होता.

भेटीच्या खोलीत धाकट्या बहिणीने जाळीपलीकडे कागद मांडले. त्याने पाठवलेलं त्या गच्चीचं प्रत्येक चित्र तिने जपलं होतं. एकात माणसं तीन, एकात चार, दोनांत पाच. टाकी कधी डावीकडे, कधी मधोमध.

"दादा, नक्की किती होती?"

तो एकेका कागदावरून नजर फिरवत गेला. मग म्हणाला, की तिघांची एका बाजूला फार गर्दी होत होती, म्हणून चौथा घातला.

"तुला छान काढायला कोणी सांगितलं होतं?"

पाटीवर अक्षर तिरकं दिसलं की त्याचा हात आपसूक दुरुस्ती करी. आता आठवण कुठली आणि दुरुस्ती कुठली, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

खात्रीचं होतं ते पहिलं चित्र. तुरुंगात आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात, त्याने ते पथारीमागच्या भिंतीवर खिळ्याने कोरलं होतं. पण दरवर्षी तपासणीआधी भिंतींना चुना लागे, आणि ते काम पेंटरकडेच. चुन्याचे पाचही हात त्यानेच मारले होते.

हे त्याच्याकडून ऐकून बहिणीशेजारी बसलेल्या वकीलबाई खुर्चीतून उठल्या. प्रत्येक वर्षीच्या चुन्याची तारीख तुरुंगाच्या रजिस्टरात होती. म्हणजे त्याखालचं चित्र जबाबाच्या पाच वर्षं आधीचं ठरत होतं.

"फक्त तुम्ही हात लावू नका," त्या म्हणाल्या. "एक पापुद्रा जरी काढलात, तरी कालच कोरलं म्हणतील. न्यायालयाचा माणूस येऊन खरवडेल."

तो माणूस यायला नऊ दिवस होते. पेंटर जेवताना भिंतीकडे पाठ करून बसे आणि दोन घासांत मागे वळे. चौघं निघाली तर? पाच? पहारेकऱ्याच्या दोन चकरांच्या मधे त्याची नखं पोपडे शोधत फिरत. शेजारच्या पथारीवर मास्तर होता, खोट्या शिक्क्यांसाठी आत आलेला; शिक्के त्याने खरोखरच केले होते. तो म्हणाला, "भिंत कुठे पळून जात नाही. आपणही नाही."

सहाव्या दिवशी पेंटरने चमच्याचा दांडा चुन्याला टेकवलाच. मास्तरने चमचा काढून घेतला, आपली पथारी ओढून आणली आणि भिंतीला पाठ लावून आडवा झाला. उरलेले तीन दिवस तो तिथून फारसा हलला नाही.

न्यायालयाचा माणूस बोथट पट्टी घेऊन वकीलबाईंबरोबर आला आणि वरून खाली, आडवंतिडवं खरवडू लागला. ते पेंटरला बघवेना. त्याचा हात पुढे गेला; पहारेकऱ्याने मनगट धरलं.

आधी टाकी निघाली, कललेली. मग डाव्या कडेला माणसं, एकमेकांना चिकटून. तीन. दोराच्या दुसऱ्या टोकाला चार पायांचं काहीतरी लोंबत होतं. हे काय, असं त्या माणसाने विचारलं.

पेंटरला ओळखू येईना. तो जवळ गेला, वाकला.

"खुर्ची," तो शेवटी म्हणाला. "वजनाला बांधली होती." तिच्यामुळे चित्र बिघडत होतं. दुसऱ्या वेळेपासून त्याने ती वगळली होती आणि मग विसरूनच गेला होता.

त्या माणसाने सर्वांसमोर प्लंबरच्या जबाबाचं पाकीट फोडलं आणि एका सुरात वाचलं: मी आणि दोन मदतनीस, टाकी कलली, तोल राहावा म्हणून दुसऱ्या टोकाला लोखंडी खुर्ची बांधली.

वकीलबाई तिथेच पथारीवर बसल्या. मास्तरने त्यांच्यासाठी सरकून जागा केली.

पेंटर अजून खुर्चीकडेच बघत होता.

"एक पाय आखूड झालाय," तो म्हणाला, आणि उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला.