अक्काचा पांढरा बॉल

मी आठ नंबर बोलतोय. काळा, गुळगुळीत, अंगावरच्या पांढऱ्या गोलात आठचा आकडा. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या शांभवीअक्काच्या पूल पार्लरमध्ये एक हिरवं टेबल आहे. तेच माझं घर.

माझे पूर्वज हस्तिदंतातून कोरलेले. एका सुळ्यातून मोजकेच बॉल निघायचे. पुढे माणसांनी कडक प्लास्टिकचे बॉल बनवले, त्यांतला मी. माझ्यासाठी हत्ती मेला नाही, याचं मला बरं वाटतं.

आमचा खेळ सोपा आहे. एकाचे सात बॉल एकरंगी, दुसऱ्याचे सात पट्ट्यांचे. काठीने पांढरा बॉल मारायचा, त्याच्या धक्क्याने आपले सात पॉकेटात, म्हणजे टेबलाच्या कडेच्या जाळीच्या भोकांत, घालायचे आणि सगळ्यांत शेवटी मला. मी आधीच गेलो, किंवा माझ्यामागून पांढराही पडला, तर मारणारा डाव हरला.

अक्काचा धाकटा भाऊ राजशेखर फार सुंदर खेळायचा. मग कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सहा महिने तो काउंटरवर नुसता बसून असायचा. काठीकडे बघायचासुद्धा नाही.

एका सोमवारी दुपारी पार्लर रिकामं होतं. अक्काने त्याला ओढूनच टेबलाशी आणलं. तो डाव्या हाताने चाचपडत खेळला. शेवटी दोघांचे बॉल संपले, मी एकटा उरलो, तोही पॉकेटाच्या तोंडाशी. पाळी अक्काची होती.

तिने मला अलगद आत ढकललं. मी जाळीत पडतोय तोवर पांढरा माझ्या डोक्यावर आदळला.

"जिंकलास की रं!" अक्का ओरडली.

राजशेखर हसला नाही. "आठ वर्षं बघतोय तुझा खेळ. तुझा पांढरा कधी मागनं गेलाय व्हय?"

"हात घसरला रं."

"घसरला म्हणं! माझी बोटं दोन कमी झाल्यात अक्का, डोळं न्हाईत."

अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, "चुकलं माझं."

त्याने स्वतःच आम्हाला जाळीतून काढलं, त्रिकोणात मांडलं. "आता खरं खेळ."

तो हरला. पुढचे दोन डावही हरला. संध्याकाळी गिऱ्हाईकं येऊन ओरडायला लागली, "अक्का, टेबल मोकळं कर की!"

"थांबा जरा," अक्का म्हणाली, "माझा भाऊ हरतोय."

आणि राजशेखर खळखळून हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

आता माझ्या आठाची कड झिजली आहे. राजशेखरला मात्र रोज खेळायला कुणीतरी लागतं. कधी इकडं आलात तर या, पावणं. फक्त दया दाखवून त्याला जिंकू देऊ नका.