प्रेमिलाबाईंच्या निधनाची बातमी

दिव्यानी मारबतेचं नाव पहिल्यांदा दोन लाख लोकांनी वाचलं, ते एका खोट्या बातमीखाली.

तिचं घर आरमोरीजवळच्या ढिवर वस्तीत. वडील तलावात जाळं टाकत, आई मासळी घेऊन बाजारात बसे. दिव्यानीने पत्रकारितेची पदविका घेतली आणि चंद्रपूरच्या ‘वनवार्ता लाईव्ह’ या पोर्टलसाठी ती तालुक्याच्या बातम्या देऊ लागली. वर्षभर तिने बंद नळयोजना, शाळेचं गळकं छप्पर, धान खरेदी केंद्रावरच्या रांगा, असं काय काय लिहिलं. शंभर-दीडशे लोक बघायचे. संपादक घनश्याम सर म्हणायचे, “लिहिते चांगलं, पण चालत नाही.”

सप्टेंबरात प्रेमिलाबाई आजारी पडल्या. झाडीपट्टीच्या, म्हणजे या धानपट्ट्यातल्या गावोगावच्या नाटकांत वीस वर्षं आईची भूमिका करणाऱ्या बाई. त्यांचं नाटक असलं की लोक ट्रॅक्टर भरभरून यायचे. हिवताप डोक्यात चढला म्हणून त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. दिव्यानी तिथे गेली. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काही सांगता येत नाही. तिने तेवढंच कळवलं : प्रकृती गंभीर.

परतीची बस आरमोरीला पोचायच्या आत तिचा फोन वाजू लागला. पोर्टलवर बातमी होती, ‘झाडीपट्टीची माय गेली’. खाली तिचं नाव, फोटोसकट. तिने घनश्याम सरांना फोन लावला.

“सर, बाई जिवंत हायेत!”

“दुसऱ्यानं टाकायच्या आधी टाकली. डॉक्टरच काही सांगत नाही म्हणते, तर काय समजायचं?”

“काढा ना, सर.”

“आता काढली तर पेज बसते, मंग कोणी पाहत नाही. संध्याकाळी खुलासा टाकू.”

खुलासा दोन ओळींचा होता. तो तीनशे लोकांनी पाहिला. तोवर दिव्यानीच्या वडिलांचं पानटपरीवर सगळ्यांना लेकीचं नाव दाखवून झालं होतं.

बाई वाचल्या. पंधरा दिवसांनी घरी आल्या तेव्हा दिव्यानी भेटायला गेली. बाईंची मुलगी नंदिनी दारातच आडवी उभी राहिली.

“आता काऊन आली? मी तिथी मायजवळ बसून होती, अन् इथी शेजाऱ्यायनं अंगणात तिरडीचे बांबू आणून ठेवले होते.”

“येऊ दे तिले,” आतून बाई म्हणाल्या.

बाई अर्ध्या झाल्या होत्या. दिव्यानी पाया पडली. “बाई, मी गंभीर म्हणूनच लिवलं होतं. माहं नाव त्यायनं लावलं.”

“मंग नाव काढाले सांगतलं काय?”

 बातमी काढायला दिव्यानीने सांगितलं होतं. नाव काढायला नव्हतं सांगितलं.

“मले वडश्याले घेऊन चाल,” बाई म्हणाल्या. “लटारूभाऊले तोंड दाखवतो.”

वडशात लटारूभाऊंच्या नाटक कंपनीचं कार्यालय होतं. बाईंना पाहून ते खुर्चीतून उठलेच. मागच्या भिंतीवर नवं पोस्टर होतं. बाईंच्या जागी दुसरीच बाई.

“तुमी गेल्या समजून आमी रिनाले घेतलं,” लटारूभाऊ म्हणाले. “पोस्टर छापले, गावायच्या तारखा लागल्या. दोन मंडळवाले तर तुमच्या फोटोले हार घालून नाटक सुरू करू म्हणते.”

“मी जिवंत हावो, भाऊ.”

“दिसते ना मले. पुढच्या साली पाहू.”

“पुढच्या साली कोणाले आठवण राहीन?”

लटारूभाऊंनी चहा सांगितला. बाई चहा न घेताच उठल्या.

बसस्टँडवर दिव्यानीने त्यांचा व्हिडिओ घेतला. बाईंनी आपलं नाव सांगितलं, एक संवाद म्हणून दाखवला आणि म्हणाल्या, “मी हाये अजून.” तिने तो स्वतःच्या खात्यावर टाकला. खाली लोक लिहीत गेले : जुना व्हिडिओ आहे. भावपूर्ण श्रद्धांजली. असा आवाज पुन्हा होणे नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. “काय म्हणून राह्यले लोक?”

“चांगलं म्हणून राह्यले, बाई.”

दिवाळी झाली, नाटकं सुरू झाली. बाई नंदिनीसोबत धान कापायला गेल्या, पण तिसऱ्या दिवशी बांधावर बसल्या त्या उठेनात. मग घरीच राहू लागल्या. घनश्याम सरांनी दिव्यानीला जिल्हा प्रतिनिधी केलं.

तिला तिथून सुटायचं होतं. नागपूरच्या एका डिजिटल दैनिकाचा अर्ज तिने भरायला घेतला. सर्वाधिक वाचलेली बातमी आणि वाचकांचा आकडा द्या, असं त्यात होतं. तिने नळयोजनेची बातमी जोडली, पुढे एकशे चाळीस लिहिलं. बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसली. मग ते खोडून तिने ‘झाडीपट्टीची माय गेली’ची लिंक टाकली.

आठवड्याभरात व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. समोरच्या संपादिकांनी लिंक उघडली होती. नंतरचा खुलासा त्यांनी पाहिलेला दिसत नव्हता.

“सगळ्यात आधी ही तुमच्याकडे होती. कशी मिळवलीत?”

 खरं सांगायला हीच वेळ होती.

“मी दवाखान्यातच होते,” दिव्यानी म्हणाली.

पुढच्या सोमवारी रुजू व्हायला सांगितलं. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. बाईंना तिने फोन केला नाही.