पाच लिटरला चार मापं

मी एक जुनी जपानी मोटारसायकल आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्याही आधीची. नाकं मुरडू नका. आजच्या गाड्या बटण दाबलं की निमूट सुरू होतात. मला किक मारावी लागते, आणि मी पहिल्या किकेला कधीच ऐकत नाही. माझं पुढचं चाक वाकलेलं आहे, हँडल एका बाजूला कललं आहे आणि टाकीला एवढा मोठा पोचा आहे. तो कसा आला, तेच सांगायला बसले आहे.

मी लाकडी खोक्यात बसून समुद्रावरून आले. दुकानाच्या काचेआड उभी होते तेव्हा लेथवर काम करणारा एक तरुण कारागीर रोज मला बघायला यायचा. हात तेलकट, म्हणून काचेला लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून नुसता उभा राहायचा. वर्षभराने तो मला घरी घेऊन गेला. तेच माझे मालक.

आता एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी टू-स्ट्रोक आहे. माझ्या पिस्टनला तेल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलातूनच पाजावं लागतं. पाच लिटरला चार मापं. तेल नसलं की आत धातूवर धातू घासतो, तापतो आणि जागच्या जागी चिकटतो.

हे तेलाचं काम मालकीणबाईंचं होतं. त्या घरी शिवणकाम करायच्या. मालक सकाळी आंघोळीला गेले की त्या मशीनवरून उठायच्या, स्टीलच्या छोट्या मापाने मोजून चार मापं तेल टाकीत ओतायच्या, वरून कॅनमधलं पेट्रोल ओतायच्या आणि मला धरून गदगदा हलवायच्या. मग माप धुऊन खिडकीत पालथं घालायच्या. खिडकीत ओलं माप दिसलं की तेल पडलं, असं मालकांनी समजायचं. विचारायचं नाही. एकदा विचारलं होतं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "माझ्या हातावर भरवसा नसेल तर स्वतः घाला की! मी काय नको म्हटलंय?" त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांची लेक सहा वर्षांची असताना एकदा घाईघाईत चुकीच्या बाजूने उतरली. माझा सायलेन्सर तापलेला होता. तिच्या पोटरीवर तळहाताएवढा डाग राहिला. मित्रांनो, सायलेन्सर तापणारच, त्यात माझा काय गुन्हा? पण ती पोर जशी किंचाळली, ते मी विसरलेले नाही. त्या दिवशी बाईंनी मालकांना सांगितलं, "यापुढे त्या गाडीचं नावसुद्धा मी तोंडातून काढणार नाही." आणि काढलं नाही. बोलल्या शब्दाला पक्क्या.

मी मागच्या शेडमध्ये गेले. माझ्यावर पोती पडली, रंगाचे रिकामे डबे पडले. उंदरांनी सीटमधला स्पंज नेला. जिच्याकडे माणसं वळून वळून बघायची, ती मी, आणि माझ्या हँडलला झाडू अडकवलेला! अठ्ठावीस वर्षं.

मग मालक निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोती बाजूला केली. गुडघे कुरकुरत होते तरी माझ्यासमोर बसून त्यांनी चाकाची एकेक तार पुसली. एक म्हातारा मिस्त्री बोलावला. तीन महिने दोघं खपले. नवे टायर आले, केबली आल्या, पिस्टनच्या रिंगा आल्या. मालकांनी मागची सीट मात्र मुद्दाम जास्त मऊ करून घेतली आणि बाजूला धरायला दांडी बसवली.

"तुझी सवत बाहेर आलीय गं," ते खिडकीतून म्हणायचे.

"चहा गार होतोय," बाई म्हणायच्या.

लेक माहेरी आली तेव्हा पोटरी पुढे करून म्हणाली, "आई, पाय माझा भाजला आणि राग तुझा अजून निवत नाही?"

"तू गप. ताटं घे."

मालकांचं मागणं एवढंच होतं. "पुलापर्यंत एक फेरी. एकदा मागे बस. नंतर विकून टाकतो हवं तर." बाईंनी दातांनी दोरा तोडला. हो नाही, नाही पण नाही.

फेरीचा दिवस ठरला. त्या सकाळी मालक आंघोळीला गेले आणि मी जे पाहिलं ते माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. बाईंनी कपाटाच्या तळातून ते माप काढलं. धुतलं. खिडकीत पालथं ठेवलं. मग फळीवरचा तेलाचा नवा डबा घेतला आणि त्याचं सील फोडायला कात्री उचलली.

तेवढ्यात जावई पेट्रोलचा कॅन घेऊन अंगणात आला. मनाने चांगला माणूस. सासऱ्यांना तेवढीच मदत, म्हणून त्याने माझ्या टाकीत पेट्रोल ओतायला सुरुवात केली. नुसतं पेट्रोल. आजकालच्या गाड्यांवर वाढलेला तो, त्याला काय ठाऊक?

बाईंचे ओठ उघडले. "थांबा, आधी तेल," एवढंच म्हणायचं होतं. पण जावयासमोर, इतक्या वर्षांनी, त्या गाडीबद्दल? ओठ मिटले. डबा फळीवर परत गेला. "त्यांचं ते बघतील," त्या पुटपुटल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

मालक बाहेर आले. "बाबा, टाकी भरलीय," जावई म्हणाला. मालकांनी खिडकीकडे पाहिलं. माप ओलं होतं. त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बघितलंस? हिने हात लावला तुला. विचारायला नको, उगाच लाजेल. येतो एक चक्कर मारून, मग बसेलच मागे."

चौथ्या किकेला मी सुरू झाले. कार्ब्युरेटरमधलं थोडं जुनं मिश्रण जळलं, एवढाच काय तो धूर. कोपऱ्यावर वळताना आरशात बाई दारात आलेल्या दिसल्या. माझ्यामागे तेलाचा निळा धूर नाही, हे त्यांना समजलं असणार. धुराशिवाय मी कधी चाललेच नव्हते. त्यांचा हात वर झाला. हाक आली नाही.

मालक खुशीत होते. हेल्मेटात काहीतरी गुणगुणत होते. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी वेग वाढवायला माझी मूठ पिळली तेव्हा माझा आवाज बदलला. मी आतून खणखणायला लागले. तरुणपणी असा आवाज आला असता तर त्यांनी त्याच क्षणी क्लच दाबला असता. पण त्यांच्या कानांनी आख्खी नोकरी लेथच्या गोंगाटात काढली होती. मी जीव तोडून ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. पुलाच्या तोंडाशी पिस्टन चिकटला, मागचं चाक जाम झालं आणि मी त्यांना कठड्यावर फेकलं.

अकराव्या दिवशी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला.

महिन्याभराने मिस्त्रीने अंगणात माझं इंजिन उघडलं. लेक आणि जावई उभे होते. बाई मशीनवर होत्या, पण मशीन चालत नव्हतं.

"कोरडं ठाक," मिस्त्री म्हणाला. "पेट्रोलात तेलाचा थेंब नाही. कोणी भरलं?"

जावयाचा चेहरा पांढरा पडला. "मी. मला माहीतच नव्हतं हो."

तेव्हा बाई बाहेर आल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "या गाडीत तेल घालायचं मला माहीत होतं. मी बघत होते."

 लेकीने वळून आईकडे पाहिलं.

"दवाखान्यात मला म्हणाले, 'माप धुतलेलं बघितलं मी. बरं वाटलं.' मग म्हणाले, 'तेल घातलंस ना गं?'" बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मी हो म्हटलं."

मला पुन्हा जोडलेलं नाही. मिस्त्रीने सुटे भाग पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या सीटवर ठेवले आहेत, त्याच मऊ सीटवर. दांडीला अजून कोणाचा हात लागलेला नाही. बाई संध्याकाळी स्टूल घेऊन माझ्याजवळ बसतात आणि बोलत राहतात. अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं. मी ऐकते. मला काय, मी लोखंड आहे. मला सांगून आता काय होणार?

मित्रांनो, मला पुसा, झाकून ठेवा, असं मी सांगणार नाही. ते तुम्हाला कोणीही सांगेल. घरात रुसायचं असेल तर खुशाल रुसा. रुसण्यात मी स्वतः कोणाला हार गेलेली नाही. पण तेलाचं सांगा, आणि मग रुसा.