काउंटरखालची मुलगी

आखातातल्या खलिफा सिटीत माझ्या लेकाकडे, यतीनकडे, दर शनिवारी मित्रमंडळी जमतात. माझ्या हातची मिसळ ओरपतात आणि सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या एका गुंडावरची मालिका बघत मतं झाडतात. गुंड सगळ्यांचा लाडका. काय रुबाब, काय ते गॉगल!

आज त्याने साक्ष द्यायला निघालेल्या एका वाण्याला त्याच्याच दुकानात गोळी घातली. काउंटरखाली लपलेल्या वाण्याच्या मुलीने हंबरडा फोडला.

"ओव्हरअ‍ॅक्टिंग!" सून शर्वाणी म्हणाली. "ती मुलगी उगाच घुसवलीय, आपल्याला रडवायला."

"पण भाईचं काम एक नंबर," यतीन म्हणाला. "एका गोळीत खलास! आई, पाव दे गं."

मी पावाची परडी त्याच्यापुढे आदळली आणि टीव्हीसमोर उभी राहिले.

"ती रडलीच नव्हती," मी म्हटलं. "आवाज फुटू नये म्हणून तिने फ्रॉकचा बोळा तोंडात कोंबला होता."

"तुला काय माहीत?"

"माझे बाबा, तुझे आजोबा, हार्टने गेले, असंच आपल्या घरात सांगतात ना?"

यतीनचा घास हातातच राहिला.

मागून माझी नात शुभ्रा वैतागली, "आजी, मूव्ह ना! यू आर ब्लॉकिंग हिम."